काळ्या तेलाची साय

"तू तिथं नांदेडला नेमकं करतीस काय, ते एकदा सांग बरं मला," ग्यानोबा म्हणाला. "परवा हॉटेलात मास्तरनं विचारलं. मी म्हणलं, लेक डांबराकडं बघत बसती. समदे हासले."

"खरंच सांगितलंत की आबा. तेच करते मी."

"आन् त्याच्यावर डॉक्टर व्हतीस?"

"डांबर हललं तर व्हईन."

आतून नागुबाई ओरडली, "हालंल, हालंल! तुझा बाप तरी कुटं लवकर हालतो? पर हालतोच की."

रविवार होता. महामाया लातूरजवळच्या मुरुडला घरी आली होती. बाप थट्टा करत होता, पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे तिला कळत होतं. तिनं सांगून पाहिलं. पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिच्यासमोर काचेची एक नळी असते. बुडाशी जमिनीतून काढलेलं जाड तेल, इतकं जाड की बाटली उलटी धरली तर हात दुखेल पण थेंब पडणार नाही. त्यावर ती हळूच द्रावक सोडते. द्रावक म्हणजे पातळ करणारं औषध, पाण्यासारखं. दोघांच्या मधे एक रेघ दिसते. मग ढवळायचं नाही, हलवायचं नाही, नुसतं बघायचं. द्रावक आपल्या आपण जाड तेलात शिरत जातं आणि रेघ पुसट होत खाली सरकते. ती किती सरकली हे कॅमेऱ्यानं टिपायचं. जमिनीच्या पोटात असं जाड तेल खूप आहे, ते पातळ करून वर काढायचं तर ही चाल माहीत पाहिजे.

"आन् शिरलेलं औषध परत भाईर येतंय का?" ग्यानोबानं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. तिचं निम्मं काम त्यावरच अडलं होतं. बाहेर येतं, पण सगळं नाही. आधी वरच्या थरातलं उडून जातं, तो थर वाळून पुन्हा जाड होतो आणि खालच्याची वाट तोच अडवतो. महिन्यापूर्वी तिनं द्रावक शिरलेल्या तेलाची एक बशी पंख्याखाली ठेवून दिली होती. बशी वाळली. वास नाही, काही नाही. पूनम नावाची मैत्रीण म्हणाली, टाकून दे आता. महामायानं काचेची कांडी टोचली तर पापुद्रा फाटला आणि बाटलीचं बूच नुकतंच काढल्यासारखा भपकारा आला. दोघींचे डोळे चुरचुरले. तिचे गाईड सर खूष झाले. सर आकड्यांवर खूष होतात.

"तुमच्या टाकीचं काय झालं?" तिनं विचारलं.

लातूरच्या बाहेर बार्शी रोडला एक कारखाना आहे. जुने टायर जाळून त्यांचं काळं तेल काढतात आणि भट्ट्यांना विकतात. तिथली उंच टाकी गाळानं भरली होती. पॅकिंगला, ऑफिसात, वजनकाट्यावर माणूस लागला की मालकाला आपली सोयरीक आठवते. टाकीत उतरायला माणूस लागला की बरोबर ग्यानोबाचं भीमनगर आठवतं. ग्यानोबानं अर्धा जन्म विहिरींचा गाळ काढला होता, म्हणून टोळीचा मुकादम त्यालाच केलं.

गाळ फावड्याला दाद देत नव्हता. मालकानं वरून थिनरची पिंपंच्या पिंपं ओतायला लावली. गाळ मऊ झाला, वरचं पातळ पंपानं उपसलं, झाकणं उघडी टाकून टाकी वाळत ठेवली. मंगळवारी आत उतरून उरलेलं खरवडायचं होतं.

महामाया त्याच्यासमोर येऊन बसली. "आबा, उतरू नका."

"कामून? वास गेलाय. मी नाक लावून बगितलं. रामलिंग सुपरवायझरबी म्हणला, टाकी एकदम साफ हाय."

"वास गेला म्हणजे थिनर गेलं असं नसतंय. वर नुसती साय धरते, दुधावर धरती तशी. खाली सगळं तसंच."

"साय तर काढून खायची असती गं."

"हसू नका आबा. जाऊच नका तुम्ही."

"मी न्हाई गेलो तर टोळीतला दगडोबा समद्यांला घिऊन उतरंल. त्याला चप्पल कोन्त्या पायाची ते कळत न्हाई. मरू दिऊ त्याला?"

ती पुन्हा समजावू लागली. थर, वाफ, वेग, दाब. बाप भाषण ऐकल्यासारखा मान हलवत राहिला. त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं आणि तिची तडफड वाढत होती. शेवटी तिला वाटलं, ह्या माणसाला कळेल असं सांगावं.

"असं समजा आबा, जुनी विहीर आहे. वरून सगळं ठीक. पण खाली हवा खराब. उतरला की माणूस पडतो."

ग्यानोबाचा चेहरा एकदम बदलला. हातातला पेला त्यानं खाली ठेवला. "असं हाय व्हय? मंग आदी सांगायचं की. हवेचा बंदोबस्त केल्याबगर आमी पाय ठिवत न्हाई."

"नक्की ना?"

"तुझी आन."

तिला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही, जरा अभिमानच वाटला. एवढी अवघड गोष्ट बापाच्या गळी उतरवली. सोमवारी पहिल्या गाडीनं ती नांदेडला गेली.

मंगळवारी सकाळी ती नळीसमोर बसली होती. नागुबाईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"अजून नाही माय. आबा गेले का कामावर?"

"गेला की. तू सांगितलंस ते लई मनावर घेतलंय बग त्यानं. माळ्यावरचा कंदील काढला. काच राखेनं घासली. नवी वात घातली. रॉकेल मिळंना तर दगडोबाच्या घरून आनलं आन् काटोकाट भरला. म्हणलं, लेकीनं सांगितलंय, हयगय नको."

"कंदील?" महामाया म्हणाली. "कंदील कशाला?"

विचारलं, पण विचारतानाच तिला कळलं.

विहिरीत उतरायच्या आधी ग्यानोबाची टोळी दोरीनं कंदील सोडायची. विझला तर खालची हवा मेलेली, कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. आणि उतरल्यावरही कंदील वर घ्यायचा नाही, काम चालेल तोवर तो माणसांच्या पायाशी जळत ठेवायचा. ज्योत बारीक झाली की सगळ्यांनी वर. ह्या रीतीनं ग्यानोबाच्या टोळीतला एकही माणूस विहिरीत दगावला नव्हता. मुरुडच्या आसपास त्याचं नाव होतं त्याच्यासाठी.

टाकीत कंदील विझणार नव्हता. हीच तर भीती होती. पापुद्र्याच्या वरची हवा चांगली होती, उघड्या झाकणातून वारा खेळत होता. ज्योत अशी छान जळेल की पाहणाऱ्याचा जीव भरवशानं शांत व्हावा. मग माणसं उतरतील, कंदील पायाशी ठेवतील आणि फावड्याचा पहिला घाव घालतील. पापुद्रा फाटेल. बशी केवढी होती आणि टाकी केवढी!

आणि हे कुणी शिकवलं त्यांना? विहिरीचं नाव कुणी काढलं?

"माय, फोन ठेव. नको, ठेवू नको. ठेव, मी करते."

तिनं बापाला लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलेना. गेटवर फोन काढून घेतात, हे तिला आठवलं. कुणीतरी चिमणीच्या धुराचा व्हिडिओ काढून पसरवला होता, तेव्हापासून मालकानं नियम केला होता. फोन आत नेला तर घरी पाठवायचं. कंदिलाबद्दल नियम नव्हता. थिनर ओतलेल्या टाकीत माणूस उतरवण्याबद्दलही नव्हता.

कारखान्याच्या ऑफिसचा नंबर तिनं शोधून काढला. रामलिंग सुपरवायझरनं उचलला.

"कोण बोलताय मॅडम?"

"ग्यानोबाची मुलगी. त्यांच्याकडं कंदील आहे, तो टाकीत सोडू देऊ नका. आणि माणसं उतरवू नका. गाळात थिनर आहे अजून."

"कंदील?" रामलिंग हसला. "आमच्याकडं हॅलोजन आहेत मॅडम. कंदील कोण आणतंय ह्या जमान्यात?"

"तुम्ही जाऊन बघा ना!"

"तुम्ही कुठून बोलताय?"

"नांदेडहून. विद्यापीठातून."

तिथंच चुकलं. विद्यापीठ म्हटल्याबरोबर त्याचा आवाज ताठ झाला. "हां, म्हणजे तक्रारवाले. मागं पण एक जण प्रदूषणाचं विचारत आलता. सायबांशी बोला," म्हणाला आणि ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. अग्निशमनला लावला.

"आग लागली का?"

"लागेल."

"लागल्यावर फोन करा ताई. किंवा अर्ज द्या."

ती पिशवी न घेताच पळाली. लातूरची गाडी स्टँडवरून निघतच होती. चढता चढता तिनं आईला लावला.

"माय, आत्ताच्या आत्ता कारखान्यावर जा. मिळंल ती काळीपिवळी जीप धर. आबाला टाकीत उतरू देऊ नको."

"अगं पर झालं काय?"

"त्या कंदिलानं टाकी पेटेल."

नागुबाई म्हणाली, "माजं ऐकंल का त्यो? म्हणंल, माया सांगती तसंच करलालोय. काय सांगू त्याला?"

काय सांगू. बस लोह्याकडं निघाली होती. महामाया शब्द शोधत होती. थर नको, वाफ नको, साय नको. विहीर तर अजिबात नको.

"सांग, खाली पेट्रोल आहे. वर वाळकं पापुद्र्यागत दिसतंय, त्याच्याखाली पेट्रोल. बस, एवढंच."

"पेट्रोल?" नागुबाईचा आवाज चढला. "अगं मंग रविवारी असंच सांगायचं न्हाई का, भवाने!"

पेट्रोल हा शब्द महामायाच्या तोंडात आलाच नव्हता. तो बरोबर नव्हता ना, शास्त्राच्या दृष्टीनं. थिनर वेगळं, पेट्रोल वेगळं.

नागुबाईनं फोन चालूच ठेवला होता. कमरेच्या पिशवीतून आवाज येत होते. जीपचा खडखडाट, कुणाची तरी शेळी, "बाई, सरका की जरा", नागुबाईचं "भाऊ, गाडी पळव रे, मानूस मरतंय माजं". महामाया खिडकीला डोकं टेकून दुसऱ्या कानात बोट घालून ऐकत होती. प्रत्येक धक्क्याला तिला वाटायचं, झालं. जीप खड्ड्यात आदळली तरी तिच्या तोंडून "आई गं" निघायचं. शेजारची बाई म्हणाली, "पोटात दुखतंय का पोरी?" महामायानं मान हलवली. काय सांगणार?

मग जीप थांबली. चप्पल फटफट वाजत गेली.

"वॉचमन भाऊ, ग्यानोबाला बोलवा. मुरुडचा ग्यानोबा. लवकर."

"कामावर हाय. सुट्टी झाल्यावर भेटा."

"टाकीत पेट्रोल हाय! पेटंल त्ये!"

"मावशे, हित्तं रोजच पेटतंय. भट्टीच हाय ही."

"आरं मुडद्या, सोड मला आत!"

"गाळी दिऊ नका. पास दाखवा."

महामाया इकडून ओरडली, "माय, त्याच्या कानाला फोन लाव!" पण पिशवीतला आवाज कोण ऐकतो! वॉचमन गेटची कडी लावत होता, लोखंड वाजल्याचं ऐकू आलं. मग नागुबाईनं जे केलं ते महामायाला सात जन्मात सुचलं नसतं.

नागुबाईनं हंबरडा फोडला.

"माजी लेक गेली गं माय! माजी माया गेली! नांदेडला गाडीखाली आली गं! तिच्या बापाला सांगा रे कुनीतरी! लेकीचं तोंड बघू द्या रे त्याला!"

खराखुरा, मयतीतला हंबरडा होता तो. बसमध्ये बसून महामायानं स्वतःचं मरण कानानं ऐकलं. आई तिचं एकेक काढून रडत होती. शाळेत पहिली आली ते, ताप आला होता ते, डॉक्टर होणार होती ते. आई नाटक करतेय की मनातली सगळी भीतीच बाहेर येतेय, कळेना.

पासचं कुणी विचारलं नाही. मयतीला आपल्याकडं गेट उघडतं. वॉचमन ओरडत पळाला, "ग्यानोबाऽ! आरं ग्यानोबा! खाली उतर, घरी मयत झाली!"

मग पुष्कळ माणसांचे पाय. आणि बापाचा आवाज. त्याचा तो आवाज तिनं कधीच ऐकला नव्हता. शब्द नव्हते त्यात, जनावर कापताना निघतो तसला होता.

"जित्ती हाय! जित्ती हाय तुजी लेक! हे घे, बोल!" नागुबाई म्हणत होती.

"आबा," महामाया म्हणाली.

पलीकडं नुसता श्वास.

"आबा, मी आहे. कंदील कुठंय?"

"माया?"

"आबा, कंदील! कुठंय कंदील?"

"कंदील... कंदील खाली सोडलाय. चांगला जळतोय. हवा चांगली हाय. दगडोबा शिडीवर—"

"त्याच्या खाली पेट्रोल आहे आबा. पापुद्र्याच्या खाली. फावडं मारलं की पेटेल सगळं."

पुढं त्यानं काही विचारलं नाही. पायांचा आवाज आला, धावणाऱ्या माणसाचा, छातीतला भाता. फोन त्याच्या मुठीतच राहिला होता. लोखंडी शिडी वाजली. मग त्याचा आवाज अगदी हलका आला, घरात तान्हं बाळ निजलंय अशा माणसाचा.

"दगडोबा. हालू नको."

टाकीच्या पोटातून घुमत आवाज आला, "आरं, तू गेलास म्हणून थांबलोय. माया कशी गेली रं?"

"माया बरी हाय. फावडं वाजू दिऊ नको. हळू वर ये. हळू."

"बरी हाय तर रडत का व्हता?"

"तुज्या आयला, वर ये म्हणलं ना!"

एकेक पायरी. महामायाला प्रत्येक पायरीचा आवाज दातात जाणवत होता. मग दगडोबाचं धापा टाकणं जवळ आलं. वर आला होता.

"आता कंदील काढतो," ग्यानोबा म्हणाला. मग लगेच, "माया."

"काय झालं?"

"बूड चिकटलंय. दोरी वढली तर काळं संगं उचलून येऊलालंय. पाकातल्या गुळासारखं. जोर लावू का?"

काचेची कांडी. पापुद्रा कांडीला चिकटून वर आला होता आणि मग फाटला होता. इथं त्या कांडीच्या डोक्यावर ज्योत जळत होती.

"नको. ओढू नका."

"मंग पानी टाकू?"

"नको. शिंतोडा उडेल, फाटेल." तिला खरं तर काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या नळीत कधी दिवा नव्हता. कंदिलाच्या उबेनं खालची साय मऊ होत असेल. किती वेळ धरेल? ओढला तर आत्ता, सोडला तर थोड्या वेळानं. एवढ्या वर्षांच्या शिक्षणातून तिला एवढंच कळत होतं. "आबा, दोरी आहे तशी सोडा. सगळ्यांना घेऊन पळा. रोडच्या पलीकडं. लांब."

"कंदील जळत सोडून?"

"हो."

तो थांबला. दिवा विझला की पळायचं, हे जन्मभर केलं होतं त्यानं. दिवा जळतोय म्हणून पळायचं, हे त्याच्या हातापायांना कळत नसावं.

"आबा, पळा!"

पळाले. रामलिंगच्या शिव्या ऐकू आल्या, मग शिव्या बंद झाल्या, भट्टीवरचे लोक, वॉचमन, सगळ्यांचा गलका. नागुबाईनं फोन घेतला. "आलो गं माय. समदे रोडच्या पल्याड शेतात आलोत."

"मोज. सगळे आहेत का मोज."

"हायत."

मग वाट बघणं सुरू झालं. काही होत नव्हतं. बस अहमदपूरला थांबली, लोक चहा प्यायले, चढले. कारखान्याच्या समोरच्या शेतात माणसं उन्हात बसली होती आणि काही होत नव्हतं. त्याचीच जास्त भीती होती. माणसाला भीती फार वेळ धरून ठेवता येत नाही. कुणीतरी तंबाखू मळली, कुणी हसलं. रामलिंगनं फोन मागून घेतला.

"मॅडम, किती वेळ बसायचं?"

"कंदील विझेपर्यंत."

"काटोकाट भरलाय म्हणतात. रात होईल. मालकाचे फोन येऊन राहिले. म्हणतात, भट्ट्या बंद कुणाच्या इजाजतीनं केल्या? एक कंदील काढायला काय लष्कर बोलवायचं का, म्हणतात. दोरी ओढून यायची तर आहे. मीच जातो, पटकन ओढतो."

"जाऊ नका."

"नोकरी जाईल माझी."

"रामलिंगभाऊ, फोन आबाला द्या. आबा, ह्यांना जाऊ देऊ नका. आबा?"

"ऐकू येतंय," ग्यानोबा म्हणाला. आवाज शांत होता. फार शांत. "माया, कंदील माजा हाय. कुनाला जायचंच आसंल तर—"

फोनमध्ये दोन टूंटूं वाजले. आईचा फोन मेला. चार्जिंग संपलं होतं.

ऑफिसचा नंबर लावला, पण तिथं आता उचलायला कुणी नव्हतं. पुढची वाट तिनं कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. तिला बाप ठाऊक होता. मुकादम दुसऱ्याला खाली सोडून स्वतः काठावर बसत नाही. रामलिंग उठला की बाप उठणार, तू बस म्हणणार, मी आणतो म्हणणार. त्याच्या हाताला दोरीची सवय आहे, तो म्हणेल, हळू ओढतो. तिनं चाकूरपर्यंत ह्या एकाच गोष्टीचा विचार केला. बाप चालत निघालाय, शिडी चढलाय, दोरीला हात घातलाय. पुन्हा निघालाय, पुन्हा चढलाय.

लातूरच्या अलीकडं ड्रायव्हर म्हणाला, "अबाबाबा, ते काय?"

शहराच्या पलीकडं, बार्शी रोडच्या अंगाला, धुराचा काळा खांब उभा होता. वारा नव्हता. सरळ उभा होता.

बसमधले सगळे उठून एका बाजूला आले. कुणी फोन काढून शूटिंग करू लागलं. शेजारची बाई म्हणाली, "कुनाचं घर जळतंय की." महामाया बस उभी राहायच्या आधी उतरली. रिक्षावाल्याला तिनं धुराकडं बोट दाखवलं. पत्ता सांगता आला नाही.

गर्दी होती. अग्निशमनच्या गाड्या होत्या, आता आल्या होत्या. टाकीचं छप्पर पार उडून पलीकडच्या ज्वारीत पडलं होतं. वॉचमनच्या खोलीच्या काचा रस्त्यावर. पोलीस कुणाला पुढं सोडत नव्हता. ती त्याच्या हाताखालून घुसली. शेतात माणसं होती. काळी, घामेजलेली, सगळी एकसारखी. तिला चेहरे दिसत होते पण ओळखता येत नव्हते.

"हिकडं गं," दगडोबा म्हणाला. "हिकडं हाय तुजा बाप. अख्खा हाय."

ग्यानोबा बांधावर बसला होता. नागुबाई शेजारी. त्यानं महामायाला पाहिलं आणि उठला नाही. हात पुढं केला, तिचा चेहरा चाचपला, कपाळ, कान, हनुवटी, आंधळ्यासारखं.

"आबा, तुम्ही गेला नव्हतात ना?"

"उठला व्हता," नागुबाई म्हणाली. "म्यां पायाला मिठी मारली. म्हणलं, आता खरंच मयत करायची का?"

"आन् ह्यो रामलिंग," दगडोबा म्हणाला, "आर्ध्यात पोचला व्हता. तुज्या बापानं पाय सोडवून घेतला आन् जाऊन अशी कानाखाली वाजवली, आशी! शर्टाला धरून फरफटत आनला. शिव्या दिऊलालता सुपरवायझर. म्हणला, कामावरून काढतो तुमाला. आन् तेवढ्यात मागं धडाम."

रामलिंग जरा लांब बसला होता. गालावर बोटं उमटली होती.

ग्यानोबा शेवटी बोलला. लेकीशी नाही, बायकोशी. "नागे, तू मला वाचवलंस. खरं हाय. पर त्ये जे सांगितलंस ना गेटावर, त्ये मी मरस्तोर इसरनार न्हाई. टाकीत मेलो असतो तर एकदाच मेलो असतो."

नागुबाई पदरानं तोंड पुसत राहिली.

"चूक माझी आहे आबा," महामाया म्हणाली. "मी विहीर म्हणाले."

"चूक?" ग्यानोबानं तिच्याकडं पाहिलं. "थिनर तू वतलंस का? मला मुकादम तू केलंस का?"

रामलिंगच्या हातातला फोन वाजू लागला. थांबला, परत वाजला. मालक. रामलिंगनं उचलला, ऐकलं आणि हळूच मान वर करून ग्यानोबाकडं बघितलं. फोन तळहातानं झाकून म्हणाला, "विचारतात, कंदील आत कुणी नेला? पोलिसांना नाव सांग म्हणतात."

शेतातली माणसं एकेक करून ग्यानोबाकडं वळली. दगडोबानं थुंकायचं थांबवलं. सकाळपासूनची भीती आता निराळ्या तोंडानं समोर आली होती, आणि ही भीती भीमनगरला ओळखीची होती. माणसं मेली असती तर दोष मेलेल्यांचा झाला असता. आता जिवंत होते, तर जिवंतांचा.

महामाया उठून रामलिंगसमोर उभी राहिली.

"सांगा नाव. ग्यानोबानं नेला म्हणून सांगा, खरं आहे ते. पण आधी त्यांना विचारा, थिनर कुणी ओतायला लावलं? आणि सकाळी मी फोन केला होता, तो कुणी उचलला, तेही सांगा पोलिसांना. नाहीतर मी सांगते."

रामलिंग तिच्याकडं बघत राहिला. फोनमधून मालकाचा आवाज बारीक येत होता, हॅलो, हॅलो, ऐकतोस का.

"बोल की," ग्यानोबा बांधावरून म्हणाला. "फोननं कुनी मरत न्हाई."

रामलिंगनं तळहात काढला. फोन कानाला लावला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. "साहेब, थिनर..."